बोटीवर कधी जायचं

सकाळी संडासातून बाहेर आली की अन्नेखीन आधी हात धुवायची, मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून टॉवेलला हात पुसत एक नाव सांगायची. "आज यांटीना." किंवा "आज बेकरीवाल्याची आई." क्वचित म्हणायची, "आज कोणी नाही," आणि तेव्हा तिचा आवाज दुकान बंद बघून परत आल्यासारखा उतरलेला असायचा. टेबलापाशी कॉफी घेऊन बसलेला हार्म "बरं" म्हणायचा. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालावा लागणार हे त्यानं मान्य केलेलं असायचं.

समुद्रकाठच्या फार्मसुम गावातल्या सगळ्याच घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात असतं, बसल्यावर बरोबर नजरेसमोर येईल असं. त्यावर वार नसतात, साल नसतं; नुसते महिने, तारखा आणि तारखांपुढे नावं. एकदा चढलेलं नाव दर वर्षी उगवतं. ओलीनं कागद फुगला, कोपरे काळे पडले, की नवीन कॅलेंडर आणायचं आणि जुन्यावरची नावं त्यावर उतरवायची. अन्नेखीननं लग्नानंतर पहिलं कॅलेंडर सासूच्या भिंतीवरून उतरवून घेतलं. मग त्यात तिच्या माहेरची माणसं आली, शेजारी आले, आणि ती ज्या चपलांच्या दुकानात कामाला होती तिथल्या बायका आल्या. ती लहान मुलांच्या पायांची मापं घ्यायची. पाय हातात घेतला की मुलाला विचारायची, "तुझा वाढदिवस कधी असतो रे?" रडणारं मूलही या प्रश्नाला उत्तर देतं, असा तिचा अनुभव होता. अशी काही मुलंसुद्धा त्या कॅलेंडरवर जाऊन बसली होती. आता त्यांना टक्कल पडलं होतं.

माणूस गेलं की ती नावापुढे बारीकसा क्रूस काढायची, पण नाव खोडायची नाही. गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला मागे राहिलेलं माणूस घरात एकटं बसलेलं असतं, आणि तिथं तर आधी जायला हवं, असं तिचं म्हणणं. हार्मचा थोरला भाऊ लुप्पो गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी सप्टेंबरात त्याच्या दिवशी ती सफरचंदाचा केक घेऊन त्याच्या बायकोकडे, त्रूसकडे, जायची. दोघी जावा कॉफी प्यायच्या, लुप्पोचं नाव फारसं निघायचं नाही, आणि निघताना अन्नेखीन तिचा हात हातात घेऊन म्हणायची, "नवऱ्याच्या वाढदिवसाचं अभिनंदन." थोडक्यात, माणसं मेली तरी अन्नेखीनचा एक दिवस मोकळा होत नसे.

हार्मला या सगळ्याचा कंटाळा होता असं नाही. त्यांच्या घरात तारखा तिच्याकडे आणि पाणी त्याच्याकडे, अशी वाटणी लग्नापासून झालेली होती. तो गावाजवळच्या जलद्वारावर नोकरीला होता. समुद्र आणि कालवा यांचं पाणी एका उंचीला कधी नसतं. बोट दोन दारांच्या मधे घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं, आणि मग पुढचं दार उघडायचं. हे काम त्यानं निवृत्त होईपर्यंत केलं. बोटी आल्या आणि गेल्या, आणि तो आपला काठावर उभा. डेकवरची माणसं त्याला हात करायची. हातातलं काम सोडून त्यालाही हात करावासा वाटायचा, कधी करता यायचा, कधी नाही.

डोळ्यांचं कळलं ते निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात. डॉक्टरीणबाई एल्स्केपेक्षाही, म्हणजे हार्म आणि अन्नेखीनच्या मुलीपेक्षाही, लहान होत्या. त्यांनी एका चित्रावर बोट ठेवून दाखवलं, की नजरेचा मधला भाग हळूहळू झिजतोय. उजवा डोळा बराचसा गेलाच आहे. डावा अजून चांगला आहे, पण त्याचा भरवसा नाही. कडा राहतील, म्हणजे चालता-फिरता येईल. पण ज्या गोष्टीकडे थेट बघाल, नेमकी तीच दिसणार नाही.

"म्हणजे बायकोकडे बघायचं तर शेजारणीकडे बघायचं," हार्म म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मिस्टर बुल्टहाउस, काही बघायचं राहिलं असेल तर पुढे ढकलू नका. आणि सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, दाराची चौकट, खिडकीची कड, तर त्याच दिवशी इथं या. दुसऱ्या दिवशी नाही."

परतताना बसमध्ये अन्नेखीननं त्याचा हात धरला होता, आणि तसं ती चारचौघांत कधी करत नसे.

"काय बघायचं राहिलंय रे तुझं?" तिनं विचारलं.

हार्म खिडकीबाहेर बघत होता. शेतं, पवनचक्क्या, पुन्हा शेतं. "एकदा मोठ्या बोटीवरून जलद्वारातून जायचंय," तो म्हणाला. "ॲमस्टरडॅमहून नॉर्वेला क्रूझ जाते ना, ती आयमाउडनच्या जलद्वारातून समुद्रात उतरते. त्या वेळी वर डेकवर उभं राहायचं. भिंत किती जवळून जाते ते बघायचं. खाली दोर घेणारा माणूस काय करतो ते बघायचं."

"अरे देवा. जन्मभर तू तेच तर बघितलंस!"

"खालून बघितलं."

"आणि नॉर्वे?"

"नॉर्वे तू बघ. मी आहेच सोबत."

ती हसली, पण तिनं ते मनावर घेतलं. त्याच आठवड्यात तिनं बिनटाचेचे निळे बूट घेतले, डेकवर घसरू नये म्हणून. त्रूसला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. जायचं ठरलंच होतं. कधी, एवढंच राहिलं होतं.

त्या रविवारी एल्स्के झ्वोलहून आली, आणि टेबलावरच्या कॉफीच्या कपांमधे तिनं लॅपटॉप उघडला.

"मे महिन्यात एक आहे, आई. दहा दिवसांची."

"मेमध्ये त्रूस पंचाहत्तरची होतेय."

"त्रूसकाकू समजून घेईल गं."

"घेईल ना. पुढची दहा वर्षं समजूनच घेत राहील. प्रत्येक वेळी कॉफी ओतताना."

"बरं. जूनच्या सुरुवातीला?"

"तुझा वाढदिवस."

"माझा सोड! मी काय आता टोपी घालून मेणबत्त्या फुंकणार आहे?"

"पोटच्या पोरीचा वाढदिवस सोडून मी बोटीवर नाचू?"

"नाचायला कोण सांगतंय? बाबा, तू बोल ना काहीतरी."

हार्म म्हणाला, "तारखा तिच्याकडे आहेत."

"जूनच्या मध्यावर एक आहे," एल्स्के म्हणाली. अन्नेखीन उठली, संडासात गेली, सवयीनं दाराला कडी लावली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "एप्पो."

एल्स्केनं कपाळाला हात लावला. जुलैमध्ये तिचीच दोन मुलं होती. ऑगस्टमध्ये अन्नेखीन स्वतः. तो दिवस तर दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडून साजरा व्हायचा, त्या दिवशी यजमानीण समुद्रावर कशी असणार? सप्टेंबरात लुप्पो. सप्टेंबर संपला की बोटी नॉर्वेला जायच्या बंद.

"लुप्पोकाका तर वारलाय!" एल्स्केचा आवाज चढला.

"म्हणून तर जायला हवं."

लॅपटॉप मिटला. पुढच्या वर्षी आधीपासून बघू, असं ठरलं. हार्म "बरं" म्हणाला. त्याला टेबलावर हात आपटता आला असता. त्या रात्रीही आणि नंतरही त्याला तसं वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर तेव्हा खरोखरीची काळजी होती. पेशंटच्या घरी कोणी थांबायचं याची काळजी करावी, तशी. कोणी एकटं पडता कामा नये, यासाठीच ती जगत आली होती, आणि त्यात आपणच एकटे पडतोय हे तिला कसं सांगायचं, ते त्याला कळेना. शब्द जुळवेपर्यंत ती भांडी घासायला लागलेली असायची.

ते वर्ष गेलं. उजव्या डोळ्यातलं मधलं भोक मोठं झालं. डावा टिकून होता. हार्म रोज सकाळी एक डोळा झाकून स्वयंपाकघराच्या खिडकीची कड बघायचा. सरळ होती.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा लॅपटॉप, पुन्हा कॉफी. मे बाद झाला, जूनची सुरुवात बाद झाली, आणि अन्नेखीन म्हणाली, "मध्यावर एप्पो."

या वेळी हार्म उठला. तो स्वतः संडासात गेला, मान तिरकी करून, नजरेच्या कडेनं त्यानं ते नाव शोधून काढलं, आणि दारात येऊन विचारलं, "हा एप्पो कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण?"

"अरे, तुझ्याकडचा ना!"

"माझ्याकडचा? मला वाटलं तुझ्याकडचा. ग्रोनिंगेनच्या बाजूला राहतो तो, तुझ्या आईचा कोणी."

"माझ्या आईचा कोणी एप्पो नव्हता."

"मग आपण दर वर्षी केक कोणाचा खातो?"

एल्स्के एकदा आईकडे बघायची, एकदा बापाकडे. जूनच्या मध्यावर त्यांच्याकडे छोटा केक यायचा, लहानपणापासून तिनं खाल्लेला होता. एप्पो लांब राहतो, म्हातारा आहे, तेव्हा त्याच्या नावानं आपण घरीच कॉफी घ्यायची, अशी पद्धत होती. कार्ड दुसऱ्यानं पाठवलं असेल, असं दोघांनीही धरून चाललेलं होतं.

अन्नेखीननं त्रूसला फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्रूस थोरली जाऊ. सासूबाईंच्या घरचं तिला जास्त ठाऊक.

"एप्पो?" त्रूस ओरडली. फोनवर ती नेहमी ओरडायचीच. "अगं, तो मासेवाला! सायकलवरून यायचा. वाढदिवसाच्या दिवशी गिऱ्हाइकांना एक मासा जास्त द्यायचा, म्हणून आईंनी तारीख लिहून ठेवली होती. फुकटच्या माशासाठी! तो केव्हाच गेला. तुझं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

"गेला?"

"मग काय! तुम्ही काय त्याची वाट बघत होतात की काय?"

फोन खाली ठेवल्यावर पहिल्यांदा एल्स्के हसली. मग हार्म. मग अन्नेखीन अशी हसली की तिला सिंकला धरून उभं राहावं लागलं. "मासेवाला!" ती म्हणायची, डोळे पुसायची, आणि पुन्हा "मासेवाला!" हसू ओसरल्यावर एल्स्केनं लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला. गेल्या वर्षीचा जून एका मासेवाल्यावर गेला होता, आणि हे कोणी मोठ्यानं म्हटलं नाही.

"केक मात्र बरा असायचा," हार्म म्हणाला.

अन्नेखीननं एल्स्केकडे न बघता म्हटलं, "जूनचं घे."

पण जूनचं भरलं होतं. एल्स्केनं वर बघितलं, खाली बघितलं, फोन करून विचारलं. लोक वर्षभर आधी घेतात, पलीकडची मुलगी म्हणाली. मे भरला होता, जुलैही. बाहेरच्या बाजूची एकच खोली उरली होती, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, आणि लुप्पोचा दिवस बरोबर तिच्या मधोमध येत होता.

अन्नेखीननं कपाखालचे पाण्याचे गोल तळहातानं पुसले, कप पुन्हा त्याच जागी ठेवला, आणि म्हणाली, "घे ते."

दुसऱ्या दिवशी ती त्रूसकडे सांगायला गेली. काय बोलणं झालं ते हार्मला संध्याकाळी कळलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जा जा. लुप्पो काही कुठं जात नाही."

"चांगलं म्हणाली की."

"चेहरा नाही बघितलास तू तिचा," अन्नेखीन म्हणाली, आणि मग लगेच ओठ मिटून घेतले.

उन्हाळा चांगला गेला. हार्म कधी कधी सायकल न घेता पायी जलद्वारापर्यंत जायचा आणि कठड्याला टेकून उभा राहायचा. तिथले नवे लोक त्याला "मोय" म्हणायचे, तोही "मोय" म्हणायचा; तिकडच्या माणसांना भेटताना आणि निघताना तेवढा एक शब्द पुरतो. मोठ्या बोटीवरून हे कसं दिसेल, ते तो मनात मांडायचा. काठावरचा माणूस केवढासा दिसेल. त्याची टोपी दिसेल, चेहरा दिसेल का? एवढ्या वर्षांत वरून बघणाऱ्यांना आपला चेहरा दिसत होता की नुसती टोपी, याचा त्याला छडा लावायचा होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

ऑगस्टमध्ये अन्नेखीनचा वाढदिवस आला. सकाळपासून घरात केकचा वास होता. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडल्या, शेजारच्यांकडून आणखी आणल्या. दुपारपासून माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण त्या वर्तुळातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात मिळवत जायचा. नवऱ्याला, "बायकोचं अभिनंदन." मुलीला, "आईचं अभिनंदन." जावेला, "जावेचं अभिनंदन." अगदी शेजाऱ्यालाही, "शेजारणीचं अभिनंदन." मग मिळेल त्या खुर्चीत बसायचं, कॉफी, केकचा एकच तुकडा, आणि पाच वाजले की चीजचे चौकोन आणि लवंग घातलेल्या सुक्या सॉसेजच्या चकत्या.

हार्म दुकानातून बर्फ घेऊन उशिरा आत आला आणि रिवाजाप्रमाणे वर्तुळात फिरू लागला. पहिल्या खुर्चीतल्या बाईचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "ये त्रूस, जावेचं अभिनंदन."

ती त्रूस नव्हती. ती शेजारची यांटीना होती. त्रूस तीन खुर्च्या पलीकडे बसली होती, आणि दोघींमधे काहीसुद्धा सारखं नव्हतं.

सगळे हसले. "अरे, बर्फाबरोबर काही घेऊन आलास का दुकानातून?" त्रूसनं तिकडून टोला हाणला. हार्मही हसला, म्हणाला, "सगळ्या सुंदर बायका मला सारख्याच दिसतात," आणि पुढच्या खुर्चीकडे वळला. तिथं त्यानं आधी हात पुढे केला आणि समोरचं माणूस काही बोलेपर्यंत वाट बघितली. मग आवाजावरून नाव घेतलं. असं करत तो वर्तुळाच्या शेवटापर्यंत गेला. अन्नेखीन हातात केकची सुरी घेऊन उभी होती. ती हसली नव्हती.

शेवटचा पाहुणा गेल्यावर तिनं दार लावलं.

"कधीपासून?"

"परवापासून," हार्म म्हणाला. "चौकट वाकडी दिसतेय. मधे धुरासारखं काहीतरी आहे."

"परवापासून! आणि बोलला नाहीस? त्याच दिवशी यायला सांगितलं होतं ना तिनं?"

"घरात एवढी तयारी चालली होती." तो खुर्चीवर बसला. "तुझा वाढदिवस होता ना."

खुर्च्या तशाच गोल होत्या. तिनं एकावर एक कप ठेवायला घेतले आणि मधेच थांबली.

हॉस्पिटलात त्यांनी डोळ्यात इंजेक्शन दिलं, पुढेही देत राहू म्हणाले. जेवढं आहे तेवढं राहील, गेलेलं येणार नाही. "लगेच यायला हवं होतं," त्याच तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रागावून नाही, थकून.

"घरी पाहुणे होते," हार्म म्हणाला.

त्यानंतरच्या सकाळी अन्नेखीन बाहेर आली, हात धुतले, आणि तशीच कॉफीच्या यंत्राकडे वळली.

"आज कोण?" हार्मनं विचारलं.

"कोणी नाही."

बेकरीवाल्याच्या आईचा दिवस होता, हार्मला माहीत होतं. इतक्या वर्षांनी त्याच्याही डोक्यात थोडंफार कॅलेंडर उतरलं होतं. तो "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशीही कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी ती कुठं जाईना. तो म्हणाला, जा की, मी एकटा राहीन. ती म्हणाली, पाय दुखतोय. आता आठवड्यामागून आठवडे मोकळे पडले होते, आणि त्यांचं करायचं काय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बोटीचं रद्द करायचं का, हे एल्स्केनं फोनवर हळूच विचारलं. अन्नेखीननं फोन हार्मच्या हातात दिला. तिला निर्णय घ्यायचा नव्हता. यापुढे कुठलीच तारीख तिला ठरवायची नव्हती.

"जाऊ," हार्म म्हणाला. "बूट घेऊन ठेवलेत तिनं."

सप्टेंबरच्या त्या दुपारी ॲमस्टरडॅमला हवा स्वच्छ होती. एल्स्केनं त्यांना बोटीपर्यंत सोडलं, बाबाच्या गळ्यात पडली, आईच्या कानात काहीतरी म्हणाली आणि घाईनं निघून गेली. बोट सुटली. कालव्याच्या दोन्ही काठांवर काय काय होतं, अन्नेखीन सांगत राहिली. कारखाना. झाडं. सायकलवरची दोन मुलं. पुन्हा कारखाना. हार्म कठड्याला धरून उभा होता आणि नजर बाजूला वळवून, कडेकडेनं जे मिळेल ते गोळा करत होता. आकाश उजळ होतं. पाणी राखाडी. मधे, जिथं तो बघेल तिथं, धूर.

मग त्यानं मान वर केली. "आलो आपण."

"कुठं?"

"आत शिरतोय. वेग उतरवला बघ त्यानं. आणि ऐक, इंजिनाचा आवाज भिंतीवर आदळून परत येतोय."

खरंच भिंत आली होती. डेकवर माणसं गोळा झाली, फोन वर उचलले गेले. हार्मनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला आणि पुढे वाकला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

"किती लांब आहे भिंत?"

"जवळ आहे."

"जवळ म्हणजे?"

"म्हणजे…" तिनं खाली बघितलं. दगड, ओल, शेवाळ, लोखंडी शिडी. तिला माणसांबद्दल सांगता येत असे. भिंतीबद्दल काय सांगायचं? "बरीच जवळ. ओली आहे."

"मागचं दार लागलं का?"

"लागतंय. सरकतंय हळूहळू."

"आवाज नाही होत ना फारसा? चांगला माणूस बसलाय वर." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "आणि काठावर कोणी आहे?"

"आहे. एक जण आहे. पिवळं जाकीट."

"टोपी?"

"आहे टोपी."

"चेहरा दिसतो?"

अन्नेखीननं डोळे बारीक केले. डेक फार उंच होता. तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय तेही तिला नीट दिसत नव्हतं. "टोपीच दिसते," ती म्हणाली. "तरुण असावा. उभं राहण्यावरून."

"काय करतोय?"

"काही नाही. हात खिशात."

हार्म हसला. "दोर लावून झाला असणार. मग तेच करायचं असतं."

त्यानं उजवा हात कठड्यावरून सोडला आणि वर केला. तो भलत्याच दिशेला हात करत होता, क्रेनच्या दिशेला. अन्नेखीननं त्याचे खांदे धरले आणि त्याला हळूच वळवलं, चपलांच्या दुकानात मुलांना आरशाकडे वळवायची तसं. आता हात बरोबर त्या माणसाकडे होता. हार्म हलवत राहिला. बाकीची माणसं फोटो काढून पुढच्या टोकाकडे निघून गेली, पुढचं दार उघडायला लागलं होतं म्हणून.

"बघतोय का तो?"

"फोनमध्ये बघतोय," ती म्हणाली. आणि मग, "थांब जरा, बघेल."

ते थांबले. खाली दोर सुटला, पाण्यात पडला, वर ओढला गेला. पिवळं जाकीट पाठ फिरवून कुठल्याशा दाराकडे चालू लागलं. भिंत मागं सरकू लागली, आणि मोकळ्या समुद्राचं वारं एकदम अंगावर आलं. हार्मचा हात अजून वर होता. ती काही म्हणत नाही तोवर तो खाली घ्यायचा की नाही, हे त्याला कळणार नव्हतं. दोन वर्षांत जे म्हणायचं राहिलं होतं ते अन्नेखीनला आता म्हणायचं होतं. पण तिला त्याची सुरुवात सापडेना. हार्मनंही मान तिच्याकडे वळवली नाही; वळवली असती तर ती त्याला दिसलीच नसती.

तिनं त्याचा गार पडलेला हात धरून खाली घेतला आणि त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"चल," ती म्हणाली, "उशीर केला तर खिडकीजवळचं टेबल मिळायचं नाही."